राळेऐवजी नवसागर

१९६३ साल. मी सत्तावीस वर्षांचा आणि तू सव्वीस. दसरा होऊन गेला होता, पावसाळाभर बंद असलेली मुंबईची बोट पुन्हा सुरू झाली होती, आणि त्या बोटीवरचं सामान घेऊन किनाऱ्याला लागलेल्या पडावात तुझं खोकं होतं. ते डोक्यावर घेऊन तू बंदरावरून सरळ माझ्या दुकानात आलास. बापाची होडी तिथेच नांगरलेली, तिच्याकडे मान वळवून बघितलंसही नाहीस. खोकं खाली ठेवलंस आणि म्हणालास, "बाबी, डागणी तापव."

मी कोणा बाईच्या गळक्या घागरीला कथलाचा डाग देत होतो. म्हटलं, "बस थंय. हिची घागर तुझ्या आदी इली."

तू बसलास. पण खोक्यावरचा हात काढला नाहीस.

मोत्या, परवा तुला पोचवून आलो. आता पेपरात चार ओळी येतील. मोतीराम कधी जन्मला, मागे कोण कोण आहे, ते सगळं त्यात असेल. ते माझं काम नाही. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, तीही अर्धी. सहीपलीकडे फार काही कागदावर लिहिलेलं नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची होती आणि साठ वर्षं सांगितली नाही. सांगतो सांगतो म्हणता तू गेलास. तेव्हा आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे हात मागे घ्यायला नको. ते मशीन माझ्यामुळे बिघडलं. तुझ्यामुळे नाही.

मशीन म्हणजे गिटारचा ॲम्प्लिफायर. नाव तू शिकवलंस, पण माझी जीभ त्यावरून घसरायची म्हणून आपण दोघं मशीनच म्हणत राहिलो. मुंबईला तू सहा वर्षं रेडिओच्या दुकानात होतास. आधी झाडू मारायला, मग हळूहळू दुरुस्तीला. गिटारही तिकडेच शिकलास, खोलीतल्या एका गोंयकाराकडून. मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातली लोखंडी कांब तारांवरून सरकवायची. बापाच्या कमरेने जवाब दिला म्हणून होडी सांभाळायला परत आलास, तेव्हा ती गिटार काखेत. लोकांनी नाव ठेवायला वेळ लावला नाही. खोबरं खवायचा आडाळो मांडीखाली घेतात, तू मांडीवर घेतलास, एवढाच काय तो फरक. "मोतीराम आडाळो घेऊन बसलो," म्हणायचे, "नारळ कोण हाडता?"

तू हसायचास. पण भजनात मृदंग आणि टाळ सुरू झाले की तुझी गिटार कोणाला ऐकू यायची नाही, ते तुला लागायचं. म्हणून ते खोकं.

घागर झाल्यावर तू माझ्या दुकानात चटई अंथरलीस आणि एकेक वस्तू मांडलीस. कागदात गुंडाळलेले व्हॉल्व्ह. माझ्या वजनाच्या मापासारखा जड ट्रान्स्फॉर्मर. भोकं पाडलेला पत्र्याचा डबा, तो मात्र मला आवडला, कोपरे चांगले वळवले होते. रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टन्स, भुईमुगाच्या शेंगांएवढे. आणि इंग्रजी अक्षरांनी भरलेला एक मोठा कागद. मग सदऱ्याच्या खिशातून तू पिवळट खडा काढलास.

"ही राळ. हेतूच डाग दियाचे. नवसागर लावू नको, एका पण डागाक नाय."

मी खडा हातात घेऊन बघितला. तुझा बाप होडीच्या फळ्यांच्या फटीत भरायचा तीच राळ. कथील धरावं म्हणून मी बापापासून नवसागरच लावत आलो होतो.

"राळ होडयेच्या फटीत घालूची," मी म्हटलं. "राळ बघून कथील काय धावत येता?"

"नवसागर तार खाता, बाबी. आज दिसाचा नाय. खारो वारो लागलो की वरसाभरान खाता."

"माझ्या बापाशीचो डाग तीस वर्सा आसा. तेका कोणी खाल्लान?"

"घागर रोज घासतंत, धुतंत. हेका कोण धुतलो?"

मी मोठ्याने हसलो. मालवणच्या बाजारात तेव्हा म्हण होती, भांडं फुटेल पण बाबीचा डाग सुटणार नाही. ती म्हण मी स्वतःच पसरवली होती हे तुला ठाऊक होतं. माझ्या हट्टाशी तू भांडायचा नाहीस, मग करायचं ते तुझंच करायचास.

पुढचे दहा-बारा दिवस तू मला शिकवलंस. तसं मला बापानेही शिकवलं नव्हतं, तो मारायचा. तू सांगायचास, आधी तारेने तारेला मिठी मारली पाहिजे, कथील नंतर. नुसत्या कथलावर तार टांगायची नाही. टोक सुरीने घासून चकचकीत करायचं. कथील तापवायचं नाही, तार तापवायची, मग कथील आपणहून आत जातं. व्हॉल्व्हचे दिवे पेटवणाऱ्या दोन तारा काथ्यासारख्या पिळून डब्याच्या कडेकडेने न्यायच्या, नाहीतर आवाजात गुरगुर येते. गिटारकडून येणारी तार आखूड ठेवायची आणि ट्रान्स्फॉर्मरपासून लांब, सासू-सुनेसारखी. बटण बंद केलं तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून असते. ती उतरवल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. चालू मशीनला हात लावायचाच झाला तर एकच, दुसरा पाठीमागे. आणि अर्थिंगची तार सगळीकडून आणून एकाच जागी डब्याला जोडायची.

रेझिस्टन्सवरचे रंगही शिकवलेस. काळा शून्य, तपकिरी एक, तांबडा दोन, नारिंगी तीन. अक्षरं मला कधी नीट आली नाहीत, पण रंग मी आजही झोपेत वाचीन. दुसरीतल्या मास्तरांना जे जमलं नाही ते तू चटईवर बसून केलंस. याचे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती रीत नव्हती.

मग मासळीचे दिवस आले आणि तुझ्या बापाने तुला होडीवर ओढून नेलं. जाताना म्हणालास, "मी येयपर्यंत ह्ये उरलेले डाग देऊन ठेव. कागदार फुल्या मारलंय. राळ हय आसा." तीन दिवसांत परत येणार होतास.

पहिल्या दिवशी मी राळ घेऊनच बसलो, हे खरं सांगतो. तुझ्या मुंबईच्या दुकानातली विजेवरची डागणी इथे नव्हती, होती ती माझी, तांब्याच्या टोकाची, कोळशात तापवायची. ती इतकी तापायची की राळ लागताच काळी पडून धूर व्हायचा. कथील तारेवर बसेना. गोळी होऊन खाली पडायचं. एक डाग तीनदा दिला, तीनदा उपटला. समोर सोनाराचं दुकान. तो सकाळपासून बघत होता. शेवटी हातातली फुंकणी बाजूला ठेवून त्याने विचारलं, "काय रे बाबी, आज कथील रुसला?"

त्याच्या दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. ती हसली.

मी उठलो आणि नवसागरची वाटी घेतली.

मोत्या, कथील असं धावलं, जसं तव्यावर तूप. एकेक डाग चांदीच्या थेंबासारखा. संध्याकाळपर्यंत तुझ्या सगळ्या फुल्या संपल्या. मोजले तेव्हा अडतीस भरले. ट्रान्स्फॉर्मरचे, सॉकेटचे, आणि शेवटचा अर्थिंगचा, डब्याच्या पत्र्याला. मग फडक्याने सगळं पुसलं, सुरीने राळेचा खडा थोडा खरवडला आणि भुगा चटईवर पडू दिला. तो भुगा मुद्दाम पाडला होता. एवढी अक्कल त्या दिवशी होती.

तू आलास. अंगाला मासळीचा वास, डोळे मिठाने लाल. डबा उलटा करून उन्हात धरलास आणि तुझं तोंड कसं फुललं ते मला अजून दिसतं.

"बगलंस?" म्हणालास. "सांगलंय ना तुका, राळ धरता म्हणान."

"धरता," मी म्हटलं.

तू जिंकलास म्हणून खूश होतास. मी तुला जिंकू दिलं. एवढंच माझं बोलणं, एक शब्द.

पहिल्यांदा मशीन सुरू केलं तेव्हा तू विजेच्या वाटेत एक दिवा जोडला होतास. म्हणालास, दिवा लखलखून तसाच राहिला तर आत काहीतरी चिकटलंय, एकदम बंद करायचं. लखलखून मंद झाला तर देवाक नमस्कार कर. दिवा लखलखला, मग मंद झाला. व्हॉल्व्हमध्ये बारीक निखारे दिसू लागले. तू डावा हात पाठीमागे बांधल्यासारखा ठेवून उजव्या हाताने बटण फिरवलंस, मग गिटार मांडीवर घेतलीस. पहिलाच सूर काढलास तो कांब सरकवत सरकवत इतका वर नेलास की समोरच्या सोनाराने हातातलं काम थांबवलं. त्या दिवशी मला लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटला.

पाऊस लागेपर्यंत ते मशीन चाललं. लग्नं झाली, शिमगा झाला. आडाळो म्हणणारे पोरीच्या लग्नाची सुपारी द्यायला तुझ्या दारात यायला लागले. मग पावसाळ्याचे चार महिने ते तुझ्या माळ्यावर गोणपाटात राहिलं. तुझं घर म्हणजे समुद्रापासून वीस पावलं. सुक्या मिठालाही पाझर फुटायचा तिथे.

कार्तिकातल्या भजनी सप्ताहात तुला देवळात वाजवायचं होतं. मानकरी तयार नव्हते. तू त्यांना विचारलंस, "भजनात पेटी चलता, ती काय आपल्या माडार लागली?" ते हसले आणि हो म्हणाले. देवळात वीज येऊन वर्षही झालं नव्हतं.

सप्ताहाचा शेवटचा दिवस, दुपारची वेळ. बायकांनी सभामंडप नुकताच धुतला होता. तू ओल्या फरशीवर अनवाणी बसलास. पहिला अभंग नीट गेला. दुसऱ्याला मशीन तळणीसारखं तडतडायला लागलं. तू डाव्या हातातली कांब तारांवर तशीच धरून उजवा हात मागे डब्याकडे नेलास, आणि तसाच राहिलास. तुझ्या तोंडून आवाज आला नाही. मृदंगवाल्याने पंचा हाताला गुंडाळून मशीनची विजेची तार खेचली तेव्हा तू आडवा पडलास. डाव्या हाताचा पंजा भाजला होता. दोन बोटं पुढे कधी सरळ झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी तू घरी पडून म्हणालास, "बाबी, तू उघडून बघ. माझ्यान होवचा नाय."

मी दुकानाची फळी लावून घेतली आणि डबा उलटा केला. डागांभोवती हिरवी बुरशी. तुझे जे डाग होते, राळेचे, ते कोरडे आणि स्वच्छ. माझे सगळे हिरवे. अर्थिंगची तार तिच्या डागातून खाल्ली जाऊन सुटली होती, लोंबत होती. तू ती एकाच जागी जोडायला सांगितली होतीस, एकाच जागी होती, आणि ती जागा माझ्या हातची. ती तार धरून असती तर वीज जमिनीत गेली असती, तुझ्या हातात नाही.

मी ते सगळं खरवडलं, धुतलं, वाळवलं. तार घासून चकचकीत केली, डागणी थोडी निवू दिली आणि राळ लावून डाग दिला. त्या दिवशी राळेने धरलं. जसं तू सांगितलं होतंस तसं केल्यावर पहिल्याच खेपेला धरलं.

तुझ्या घरी येऊन म्हटलं, "आत काय दिसूक नाय."

तू बांधलेल्या हाताने तो इंग्रजी कागद काढलास. दोन दिवस त्यावर बोट फिरवत बसलास आणि शेवटी तुला सापडलं. स्पीकरच्या बाजूने आणखी एक तार तू डब्याला टेकवली होतीस. "दोन जागी अर्थिंग झाला," म्हणालास. "माझीच चूक." तुझा आवाज मोकळा झाला होता, कारण सापडल्यासारखा. मी मान हलवली.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी कदाचित कधीतरी बोललो असतो. पण मानकऱ्यांनी देवीला कौल लावला. पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर वाद्य देवळात चालेल, डावी पडली तर नाही. गाऱ्हाणं घालायच्या आधी गुरवाने रिवाजाप्रमाणे विचारलं, "कोणाक काय सांगूचा आसा? आसात तर आताच सांगा. मागीर देवीक दोष नको."

मी तुझ्या शेजारी उभा होतो, हात जोडून. त्याच महिन्यात देवळाच्या नव्या समयांचं काम मला मिळायचं होतं. पण खरं कारण ते नाही, कामं खूप मिळत होती. खरं कारण सोनार समोर उभा होता. त्याच्यादेखत माझ्या डागाला मी नाव ठेवायचं, हे मला जमलं नाही.

पाकळी डावी पडली.

तू नमस्कार केलास. "देवीन सांगलान," एवढंच म्हणालास. देवीला विचारलेला प्रश्नच अर्धा होता, आणि उरलेला अर्धा माझ्या तोंडात होता.

त्यानंतर तू चार माणसांत कधी वाजवलं नाहीस. बोटं वाकडी होती तरी कांब धरता येत होती, मी बघितलंय. तुझ्याकडे माणसं विचारायला आली, एकदा बांद्याहून आली. देवीने नको म्हटलंय, असं सांगून तू त्यांना चहा पाजून परत पाठवलंस, आणि जाताना गिटार त्यांनाच देऊन टाकलीस. मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी तुझ्यावर ओरडलो, "माका विचारूचा नाय?" तू म्हणालास, "तुका कित्याक? तू काय वाजवतंस?"

मग तू घराच्या पडवीत रेडिओ दुरुस्त करायला लागलास. नंतर टेपरेकॉर्डर, टीव्ही. आजूबाजूच्या गावांतले वायरमन तुझ्याकडे शिकून गेले. प्रत्येकाला तू पहिला धडा तोच दिलास, वाकडी बोटं पुढे करून. "अर्थिंग एकाच जागेर. मी दोन जागी दिलंय, ह्यो बघ हात." मी बाजूला चहा पीत बसलेला असायचो. कितीदा ऐकलं ते मोजलं नाही. मोजलं असतं तर कदाचित उठलो असतो.

एकदा नांदगावचा एक हुशार गडी म्हणाला, "काका, दोन अर्थिंगान गुरगुर येता. झटको नाय बसाचो."

"मगे झटको खंयसून इलो?" तू विचारलंस. त्याने खांदे उडवले. तू माझ्याकडे वळलास. "बाबी, तू उघडलेलंस ना? काय होता आत?"

"काय नव्हता," मी म्हटलं. बशी तोंडाला लावली.

त्याने पुढे काही विचारलं नाही. तूही नाही. पण तो वाद तुझ्या मनात तसाच उघडा राहिला. अधूनमधून तू मधेच म्हणायचास, "तो नांदगावचो बरोबर सांगता होतो, बाबी. हिशोब लागना नाय." आणि मी विषय मासळीवर न्यायचो. माझ्यामुळे तुला तुझ्याच विद्येचा हिशोब लागला नाही. हातापेक्षा ते मला जास्त खातं.

पंधरा दिवसांपूर्वी मी आलो तेव्हा तू खाटेवर होतास. खाटेच्या कडेवर बोटं हलत होती, तीच दोन वाकडी. म्हणालास, "परत एकदा बांधूक होया होता ता मशीन. आपण दोगांनी."

मी म्हटलं, "मोत्या, तुका एक सांगूचा आसा."

"सांग."

मी तुझ्याकडे बघितलं. तू इतका बारीक झाला होतास. मी म्हटलं, "बरो झालंस की बांधूया."

तू डोळे मिटून हसलास. "तू आणि राळ," म्हणालास. ते तू कशावरून म्हणालास हे मला कळलं नाही आणि आता कळणार नाही. मी घरी येऊन खूप विचार केला. तुला ठाऊक होतं असं धरून चाललं तर मला हलकं वाटतं, म्हणूनच मी तसं धरणार नाही.

परवा तुला पोचवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या घरी चूल पेटणार नाही म्हणून माझ्या सुनेने किटली भरून चहा दिला, तो घेऊन मी आलो. तुझी मुलगी सुलू आत भिंतीला टेकून बसली होती. मी किटली ठेवली आणि उभ्या उभ्या तिला सगळं सांगितलं. राळ, नवसागर, सुटलेली तार, कौल. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. रडली नाही. किटलीला हात लावला नाही.

मग म्हणाली, "बाबीकाका, ह्या माका कित्याक सांगतास? माका बाबांनी कधी शिकवूक नाय ता. भायर खळ्यात बसलेत, तेंका सगळ्यांका शिकवलानी. तेंका सांगा."

बाहेर अंगणात, खळ्यात, तुझे वायरमन बसले होते. कणकवलीकडचे होते, कुडाळचे होते, दोघे-तिघे तर स्वतःच म्हातारे झालेले. मला बघून बाकड्यावरच्यांनी सरकून जागा केली. मी बसलो नाही. म्हटलं, "मोतीरामाची अर्थिंग बरोबर होती. डाग माझे होते." आणि मग पहिल्यापासून सांगितलं. दुपारपर्यंत माणसं येत राहिली. जो उशिरा आला, त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.